जुन्या गाडीचा सांगाडा घेताना

गाडीची प्रतिकृती बांधायची, तर इंजिन, गिअरबॉक्स आणि चासी देणारी जुनी गाडी आधी पारखावी लागते. आमचं कल्याणजवळचं कोपर खाडीकाठी आहे. इथल्या दमट हवेत वरचा रंग शाबूत दिसला तरी खालचा पत्रा गंजलेला असू शकतो. पायाखालच्या पत्र्यावर, मडगार्डच्या आत हातोडीने हलकेच ठोकून बघा. बद्द आवाज आला तर ती गाडी सोडा. चांगली गाडी मिळाली की मग बॅटरी काढा, पेट्रोल उपसा, प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधा. चिठ्ठ्यांचं काम कंटाळवाणं, पण जोडणीच्या वेळी तेच तारतं.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप घडवली; 2022 मध्ये आनंद महिंद्रांनी ती घेऊन त्यांना बोलेरो दिली. अस्सल कारागिरी! रस्त्याचा कायदा मात्र कडक आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालानुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल चालत नाही. म्हणून पाना उचलण्याआधी कल्याणच्या आरटीओत विचारा.