जर्मनीचा व्हिसा आणि परतीचा भरवसा

मुलगा म्युनिकला नोकरीस असावा आणि पुण्यातल्या निवृत्त आईवडिलांना त्याच्या घरी दोन महिने राहून यावयाचे असावे, हा प्रसंग आता आपल्या मध्यमवर्गात इतका नित्याचा झाला आहे की व्हिसाच्या कागदांची चर्चा लग्नाच्या पंगतीतही ऐकू येते; मात्र त्या कागदांतून परक्या सरकारला नेमके काय पाहावयाचे असते, हे सांगणारा त्या पंगतीत क्वचितच भेटतो.

लक्झेंबर्गमधील शेंगेन गावी १४ जून १९८५ रोजी पाच राष्ट्रांनी केलेल्या कराराचा विस्तार होत होत आज २९ देशांचा एक इलाखा बनला असून, त्यांपैकी एकाने दिलेल्या परवान्यावर त्या सबंध इलाख्यात कोणत्याही १८० दिवसांत अधिकात अधिक ९० दिवस राहता येते. अर्ज करावयाचा तो जेथे मुक्काम सर्वांत मोठा त्या देशाकडे. जेथे तारीख लवकर मिळते तेथे अर्ज टाकून दुसरीकडेच हिंडण्याची युक्ती पुष्कळांना सुचते, आणि ती अधिकाऱ्यांनाही ठाऊक असते. प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत अर्ज घेतात, प्रौढांस शुल्क ९० युरो पडते आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

खरी छाननी होते ती दोन बाबींची : तेथील खर्च कोण सोसणार, आणि मुदत संपण्याच्या आत अर्जदार परतणार काय. पहिलीसाठी मुलाने तेथील परकीय नागरिकांच्या कचेरीत हजर होऊन, आपल्या मिळकतीचे दाखले दाखवून करून दिलेले हमीपत्र फार उपयोगी पडते. त्याची मूळ प्रत मात्र वेळेवर इकडे पोचली पाहिजे. दुसरीसाठी एकच असा कागद नाही. दरमहा जमा होणारे निवृत्तिवेतन, प्राप्तिकराची विवरणपत्रे, घराचा दस्तऐवज, मागील प्रवासांहून वेळेत परतल्याचे शिक्के, या सर्वांचा मेळ बसावा लागतो. अर्जाच्या आठवडाभर आधी कोणा भाच्याने खात्यात भरलेले चार लाख रुपये त्या मेळात बसत नाहीत. उलट, ते आले कोठून, हा नवाच प्रश्न उभा राहतो.

कागद स्वीकारणारे केंद्र बोटांचे ठसे घेते, शुल्क घेते आणि अर्ज पुढे धाडते. मंजुरी-नामंजुरीचा अधिकार त्यास नसल्याने खिडकीवरील कारकुनापुढे गयावया करण्यात अर्थ नाही. महाराष्ट्र आणि गोवा हे मुंबईच्या जर्मन महावाणिज्यदूतावासाच्या हद्दीत येत असल्यामुळे दिल्लीच्या राजदूतांस उद्देशून केलेला विनंतिअर्जही बहुधा वळसा घालून मुंबईसच येणार. निर्णयास सामान्यतः १५ दिवस, क्वचित ४५ दिवसही लागतात. तेवढ्यात रोज विचारणा करण्यापेक्षा, खरोखरच नाव चुकले असेल वा प्रवासाची तारीख बदलली असेल तेव्हाच लिहावे, आणि त्यात अर्जदाराचे नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा व अर्जाचा क्रमांक देऊन एकच मुद्दा मांडावा. सुनेच्या बाळंतपणाची सविस्तर हकीकत तेथे वाचणाऱ्यास नको असते.

नामंजुरी आलीच तर छापील नमुन्यात कारणापुढे खूण केलेली असते. पूर्वी फेरविचाराचा अर्ज करता येई. जर्मनीने ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद केल्याने आता बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागावी, नाहीतर ज्या कारणापुढे खूण आहे त्याचे समाधान करणारे कागद जोडून नवा अर्ज करावा, आणि बहुतेकांच्या ऐपतीचा मार्ग दुसराच होय.

परवाना मिळाल्यावरही विमानतळावरील अधिकारी पुन्हा प्रश्न विचारू शकतो. म्हणून हमीपत्राची नक्कल, विमा आणि परतीचे तिकीट हातातल्या पिशवीत असावे, लोणच्याच्या बरण्यांबरोबर मोठ्या बॅगेत नव्हे.