भाऊबंदकी आणि चालुक्यांचा उत्कर्ष

एखादे लहान राज्य मोठे कसे झाले, असे विद्यार्थ्यास विचारले असता तो लढायांची यादी म्हणून दाखवितो. त्या लढाया खऱ्याच असतात. परंतु ज्या घराण्याने त्या जिंकल्या, त्या घराण्यात धाकट्या भावास व पोरक्या पुतण्यास कसे वागविले गेले, हे विचारण्याचे सहसा कोणास सुचत नाही. वातापीच्या, म्हणजे हल्लीच्या कर्नाटकातील बदामीच्या, चालुक्यांचा इतिहास पाहू लागले म्हणजे हाच प्रश्न प्रमुख होय, असे आम्हांस वाटते.

या घराण्याचा पाया पहिल्या पुलकेशीने घातला. शके ४६५ मध्ये, म्हणजे इ. स. ५४३ मध्ये, त्याने वातापीच्या तांबड्या कड्यावर किल्ला बांधिला व अश्वमेध केला. राज्य त्या वेळी लहानच होते. त्याचा पुत्र कीर्तिवर्मा याने नल, कोकणचे मौर्य व वनवासीचे कदंब यांस नमविले, आणि डोंगराळ मुलखातील या राज्यास समुद्राची वाट मोकळी होऊ लागली.

कीर्तिवर्म्याचा धाकटा भाऊ मंगलेश. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातील विष्णुमंदिर याच्याच देखरेखीखाली शके ५०० मध्ये, म्हणजे इ. स. ५७८ मध्ये, पुरे झाले. तेथील शिलालेखात मंगलेशाने या धर्मकृत्याचे पुण्य वडील बंधूस अर्पण केले असून, आपणांस केवळ भ्रातृसेवेचे फळ मिळावे, एवढेच मागितले आहे. रामायण ऐकत वाढलेल्या आमच्या वाचकांस येथे भरताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

पुढे कीर्तिवर्मा निवर्तला आणि राज्य मंगलेशाकडे आले. त्याने पराक्रमही थोडा केला नाही. उत्तरेकडील कलचुरींचा त्याने पराभव केला व पश्चिम समुद्रातील रेवतीद्वीप हस्तगत केले. परंतु वडील भावाचा पुत्र दुसरा पुलकेशी जाणता झाल्यावर राज्य त्याच्या हाती देण्याऐवजी ते आपल्या पोटच्या मुलास मिळावे, ही वासना मंगलेशास झाली. एके काळी भ्रातृसेवेवाचून दुसरे काही न मागणारा हा पुरुष पुतण्याचा वैरी झाला! चुलत्याच्या मनातील द्वेष ओळखून पुलकेशी राज्याबाहेर पडला, आणि बळ जमवून त्याच्याशी झुंजला. ऐहोळे येथील शिलालेखाचा कर्ता रविकीर्ती सांगतो, की मंगलेशास पुत्राविषयीचा मनोरथ, राज्य व प्राण ही तिन्ही एकदमच सोडावी लागली. पेशवाईत काका-पुतण्याच्या वैराचा शेवट इ. स. १७७३ मध्ये पुतण्याच्या वधाने झाला. वातापीस चुलता पडला, पण दुखणे एकच.

त्या दुखण्याची किंमत राज्यास तत्काळ द्यावी लागली. घर फुटलेले पाहून शेजाऱ्यांनी डोके वर काढिले. आप्पायिक व गोविंद हे दोघे गजसैन्य घेऊन भीमरथीच्या, म्हणजे आपल्या भीमेच्या, उत्तरेकडील मुलूख जिंकावयास आले. इ. स. ६१० च्या सुमारास राज्यावर आलेल्या पुलकेशीने येथे आपले राजकारण दाखविले. एकास रणात भय दाखवून त्याने पळविले. दुसऱ्यास आपलेसे करून त्याच्या सेवेचे फळ त्याच्या पदरी टाकिले. दंड कोठे व साम कोठे, हे त्यास पक्के ठाऊक होते.

यानंतरचा उत्कर्ष झपाट्याचा आहे. वनवासीस वेढा पडला. गंग व आळुप अनुकूल झाले. शेकडो नौकांनिशी पश्चिम समुद्रावरील पुरी घेतली गेली. लाट, मालव व गुर्जर नमले. उत्तरेचा सम्राट हर्ष याचा हर्षच भयाने गळाला, असा श्लेष रविकीर्तीने साधला आहे. नव्याण्णव हजार गावांची तीन महाराष्ट्रके पुलकेशीच्या सत्तेखाली होती, हेही तोच सांगतो. इ. स. ६४१ च्या सुमारास आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग यानेही हर्षास हा देश जिंकता आला नाही, अशी साक्ष दिली आहे.

परंतु या सर्व विजयांहून एक गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. पुलकेशीलाही विष्णुवर्धन नावाचा धाकटा भाऊ होता. चुलत्याच्या हातून पोळलेल्या माणसाने भावाकडे संशयाने पाहिले असते, तर त्यात नवल नव्हते. त्याने तसे केले नाही. त्याने भावास युवराज केले. युवराज या नात्याने विष्णुवर्धनाने दिलेला ताम्रपट साताऱ्याकडे सापडला आहे. पुढे पूर्वेकडील वेंगीचा मुलूख जिंकल्यावर तो कारभार पुलकेशीने याच भावाच्या स्वाधीन केला. थोरल्याने धाकट्यास कर्तृत्वाला स्वतंत्र क्षेत्र दिले व त्याचा मानही राखिला.

या शहाणपणामुळे सर्व संकटे टळली, असे मात्र नाही. इ. स. ६४२ मध्ये पल्लव राजा नरसिंहवर्मा याने वातापी जिंकून घेतली. पुलकेशीचा पुत्र पहिला विक्रमादित्य याने इ. स. ६५५ च्या सुमारास राज्य सावरले खरे; पण आठव्या शतकाच्या मध्यास राष्ट्रकूटांनी ते कायमचे बुडविले. वेंगीस मात्र विष्णुवर्धनाचा वंश अकराव्या शतकापर्यंत नांदत होता.

एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांस याचे तात्पर्य निराळे सांगणे नको. भ्रातृसेवेची भाषा मंगलेशानेही दगडावर कोरविली होती. तिची परीक्षा वडील भाऊ गेल्यावर, त्याचे मूल वाढीस लागले त्या दिवशी झाली. ज्या घरात आज एखादा पोरका पुतण्या वाढत असेल, त्या घरातील कर्त्या पुरुषाने हा दिवस आपणांसही येणार आहे, हे ध्यानी ठेवावे.