मासळीची निवड आणि समुद्रातील जीवसृष्टी

घरात कितीही टंचाई असली, तरी जाणता शेतकरी पेरणीसाठी राखलेल्या बियाण्याला हात लावीत नाही. समुद्राचेही असेच बियाणे असते. एकदाही अंडी न घातलेली कोवळी मासळी, हेच ते बियाणे होय. स्वस्त मिळते म्हणून तळहाताएवढेही न वाढलेले पापलेट विकत घेतले, तर बियाणेच चुलीवर चढते.

बाजारात जशी मागणी, तशी जाळी समुद्रात पडतात. लहान मासळीस गिऱ्हाईक असले, म्हणजे बारीक आसाची जाळी वापरण्याचा मोह होतो. यांत्रिक नौकेमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याची शंकरपाळ्याच्या आकाराची आस ताणाने मिटते. चौकोनी आस उघडी राहते व लहान मासळी निसटून जाते. म्हणूनच महाराष्ट्रात या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीस ४० मि. मी. ची चौकोनी आस ठरविण्यात आली आहे.

याचा संबंध देवमाशाशीही पोचतो. अरबी समुद्रातील ब्राइड जातीचा देवमासा तारलीसारख्या थव्याने फिरणाऱ्या मासळीवर जगतो. मासळी विरळ झाली, की त्याचे भक्ष्य घटते. शिवाय मच्छीमारास जाळी अधिक काळ पाण्यात ठेवावी लागतात. देवमासा, डॉल्फिन व कासव यांस श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते; जाळ्यात अडकल्यास ती गुदमरून मरतात. असे संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारास कमाल २५,००० रुपये भरपाई देण्याची योजना राज्य शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली.

राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीचे किमान आकारमान ठरविले. त्यानुसार पापलेट १३५, बांगडा १४० व बोंबील १८० मि. मी. हून लहान नसावा.

गिऱ्हाइकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) वरील मापाहून लहान मासळी घेऊ नये.

(२) मांदेलीसारखी मासळी पूर्ण वाढूनही लहानच राहते. स्वस्त मासळी हवी असल्यास अशी घ्यावी.

(३) १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक नौकांनी चोरून आणलेली मासळी घेऊ नये.

(४) कोंबड्यांच्या खाद्यासाठी मासळीची कुट्टी घेणाऱ्यांनी ती कोवळ्या मासळीची नाही, याची विक्रेत्याकडे चौकशी करावी.

लहान पापलेटाची टोपली विकली न गेल्यास विक्रेता ती पुन्हा मागविणार नाही. सुटलेले पापलेट पुढील हंगामात वजनाने भरेल, आणि त्यापूर्वी समुद्रात अंडी घालून गेलेले असेल.