पी-५३ : पेशीला थांबवणारं प्रथिन

चिखली-मेहकरकडच्या वावरांत कापूस वेचताना, सोयाबीन सोंगताना हात जरा मोकळे झाले की खिशातली पुडी निघते. चिमूटभर तंबाखू, बोटावर चुना, तळहातावर अंगठ्यानं मळायचं, वर दोन थापट्या, आणि बार गालफडात. तो रोज त्याच जागी बसतो. बुलढाणा जिल्ह्यातच काय, आपल्याकडे सगळीकडे तोंडाचा कर्करोग बहुतेकदा याच बोटभर जागेत सुरू होतो. तिथं सर्वाधिक मार खाणाऱ्यांपैकी एक म्हणजे पी-५३ हे प्रथिन.

गालाचं आतलं अस्तर सतत झिजतं, म्हणून तिथल्या पेशी सतत विभागत असतात. त्याआधी पेशीला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते, आणि मूळ प्रतच तुटकी असेल तर ती सुरू होता कामा नये. ३९३ अमिनो आम्लांचं पी-५३ यासाठीच असतं. निरोगी पेशीत ते तयार होतं आणि थोड्याच मिनिटांत नष्टही होतं. एमडीएम-२ हे प्रथिन त्याची विल्हेवाट लावतं. डीएनए तुटला की ही विल्हेवाट थांबते. पी-५३ साठतं आणि पी-२१ या प्रथिनाचा जनुक चालू करतं. पेशीचक्र पुढे रेटणाऱ्या सायक्लिन-सीडीके जोड्यांना पी-२१ अडवतं, पेशी जागीच थांबते आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. मोडतोड दुरुस्तीपलीकडची असेल, तर पी-५३ त्या पेशीला मरायला लावतं. एक पेशी देऊन देह वाचवायची ही रीत मला फार थोर वाटते.

१९७९मध्ये हे प्रथिन सापडलं, तेव्हा ते कर्करोग घडवणारंच मानलं गेलं. प्रयोगशाळांच्या हाती आलेल्या जनुकाच्या प्रतीच बिघडलेल्या होत्या. हा गैरसमज दूर व्हायला १९८९ उजाडलं.

तंबाखूतली नायट्रोसमाईन्स डीएनएला चिकटतात आणि नक्कल करताना अक्षर चुकतं. चुन्यामुळे निकोटीन झटपट रक्तात उतरतं, म्हणून बार पुन्हा हवासा वाटतो आणि त्याच जागेवर पुन्हा घाला पडतो. ती चूक १७व्या गुणसूत्रावरच्या पी-५३च्या जनुकात झाली, की नुकसान दुप्पट होतं. हे प्रथिन चारचारच्या गटानं काम करतं. नांगराला जुंपलेल्या चार बैलांतला एक अडला की बाकीच्यांचं बळ वाया जातं, तसं एक बिघडलेलं प्रथिन उरलेल्या चांगल्यांनाही निकामी करतं. जनुकाची दुसरी प्रत शाबूत असूनही पेशी थांबत नाही.

२०१३मध्ये खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आणि कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था यांच्या संशोधकांनी गाल-हिरडीच्या कर्करोगाचे जनुक वाचले. वारंवार बिघडलेल्या जनुकांत पी-५३चा जनुक होताच. निदानाच्या काचपट्टीवर तो बिघाड अनेकदा डोळ्यांनाही दिसतो: बिघडलेलं पी-५३ एमडीएम-२ला बोलावू शकत नाही, म्हणून नष्ट न होता साचतं, आणि विशिष्ट रंजन केलं की पेशींची केंद्रकं गर्द तपकिरी उठतात.

बिघडलेलं पी-५३ पुन्हा सरळ करणारं औषध अजून रोजच्या उपचारांत आलेलं नाही. मात्र गालातल्या पांढऱ्या चट्ट्यांपैकी काहींत हा जनुक गाठ होण्याआधीच बिघडलेला आढळतो. चट्टा दुखत नाही, म्हणून दाखवला जात नाही. बार ठेवायच्या जागी पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल डाग असेल, तोंड तीन बोटं उभी मावतील इतकं उघडत नसेल, तर दंतवैद्य टॉर्चच्या उजेडात पाच मिनिटांत तो पाहू शकतो, आणि गरज वाटली तर त्याच डागाचा तुकडा तपासायला पाठवतो.