मात्रा : लासलगावचा कांदा आणि परळचं औषध

उन्हाळ कांदा चाळीत भरला की निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याला दोन धास्ती असतात, एक सडण्याची आणि दुसरी कोंब फुटण्याची. कोंब आलेल्या कांद्याकडे लिलावात कुणी ढुंकून पाहत नाही. या दुसऱ्या धास्तीवर उपाय म्हणून भाभा अणु संशोधन केंद्रानं २००२ साली लासलगावात ‘कृषक’ हे विकिरण केंद्र सुरू केलं. जाड काँक्रीटच्या भिंतींआड कोबाल्ट-६० ठेवलेला असतो. त्याच्यासमोरून माल सरकत जातो आणि गॅमा किरण त्यातून आरपार जातात. २००७ साली अमेरिकेनं भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडलं, तेव्हा आंबा इथूनच ४०० ग्रेची मात्रा घेऊन विमानात चढला.

कांद्याला इतकी मात्रा लागत नाही, ६० ते ९० ग्रे पुरतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाच्या रुग्णाला सहा-सात आठवड्यांत मिळून जी मात्रा दिली जाते, तीही साधारण ६० ते ७० ग्रेच असते.

हा योगायोग वरवरचा नाही. कांद्याच्या पोटातल्या कोंबाच्या पेशी आणि गाठीतल्या पेशी, दोन्ही भराभर विभागणाऱ्या. किरणांनी त्यांच्या डीएनएचे धागे तुटतात आणि विभागणी थांबते. कांदा कांदाच राहतो, किरणोत्सारी होत नाही, फक्त त्याला कोंब येत नाही. फरक आहे तो मात्रा देण्याच्या पद्धतीत. कांद्याला सगळी मात्रा एकाच फेरीत मिळते. माणसाच्या सबंध शरीरावर एकदम चार-पाच ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. म्हणून रुग्णाला रोज दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस आणि तेही नेमक्या जागेवर देतात. मधल्या तासांमध्ये निरोगी पेशी आपली डागडुजी करून घेतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितकंसं साधत नाही.

हे गणित एका मेंढ्यानं शिकवलं. १९२०च्या दशकात पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉडियस रेगो यांनी मेंढ्याचं बीज किरणांनी बंद करून पाहिलं. एकदम मात्रा दिली तर कातडी भाजायची. तीच थोडी थोडी विभागून दिली तर काम व्हायचं आणि कातडी शाबूत राहायची. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी ही युक्ती घशाच्या कर्करोगावर वापरली आणि किरणोपचाराला आजचं रूप आलं. गावाकडे ज्याला ‘शेक देणं’ किंवा ‘लाईट घेणं’ म्हणतात, त्याच्या मागे हा शोध आहे. कोबाल्टचं यंत्र माणसासाठी पहिल्यांदा वापरलं गेलं ते १९५१ साली कॅनडात. लासलगावचं केंद्र ज्या संस्थेनं उभारलं, त्याच संस्थेनं पुढे ‘भाभाट्रॉन’ हे देशी यंत्र घडवलं. किरण कोबाल्टमधून आपोआप निघत असल्यानं वीज गेली तरी बॅटरीवर ते यंत्र चालवता येतं. भारनियमनाच्या प्रदेशात ही गोष्ट लहान नव्हे. व्हिएतनाम आणि मंगोलियासारख्या देशांना भारतानं ही यंत्रं भेटही दिली आहेत.

मात्रा हा शब्द मराठीत वैद्याच्या बटव्यातून आला. औषध किती द्यायचं हे कळलं की मात्रा लागू पडते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कर्करोगाच्या ज्ञानात महाराष्ट्रानं जी भर घातली, तिचा मोठा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो: किती पुरे? श्रीमंत देशांमधलं संशोधन बहुधा नवं औषध शोधतं. परळ, बार्शी आणि खारघर इथल्या डॉक्टरांनी मात्र पुन्हा पुन्हा विचारलं, की कमीत काम होईल का? या प्रश्नात ज्ञानही आहे आणि करुणाही.

निफाडकडे कुणी फार आजारी झालं की ‘टाटाला नेलंय’ एवढंच सांगतात, पुढचं ऐकणारा समजून घेतो. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झालेलं हे टाटा स्मारक रुग्णालय १९६२पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे लासलगावचा कांदा आणि परळचा रुग्ण सरकारदरबारी एकाच घरचे. रुग्णालयाच्या पहिल्या पिढीतले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखू आणि पानसुपारी चघळण्याशी त्याचं नातं त्यांनी दाखवलं. धोतर वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी घट्ट कसून बांधल्यानं तिथल्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाचीही त्यांनी नोंद केली. माणसाची सवय शरीरावर कुठे घासते, हे शोधणारी त्यांची नजर होती.

त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजेच डॉ. कमल रणदिवे, घडल्या. १९४९ साली डॉक्टरेट मिळाल्यावर त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीपासून जगातला पहिला अमर मानवी पेशीवंश याच गाय यांनी वाढवला. परत आल्यावर रणदिवेंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. तरीही शाळेच्या पुस्तकात त्या मुलींना क्वचितच भेटतात, याची खंत वाटते.

खानोलकरांनी दाखवलेलं कारण अजून घराघरात आहे. राज्यात जुलै २०१२पासून गुटख्याला बंदी आहे. पण भाजलेल्या तंबाखूची मिश्री सकाळी दातांना लावणाऱ्या बायकांना ते व्यसन वाटतच नाही, दात घासणं वाटतं. आणि ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं. तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की दिसू लागल्यावर, हा वाद पन्नास वर्षांचा होता. टाटा रुग्णालयातल्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूनं २०१५ साली तो मिटवला. आधीच काढल्या तर तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण जिवंत होते. वाट पाहिली त्यांच्यात ते प्रमाण ६७.५ टक्के होतं.

पण या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोलाचा भाग मुंबईत घडलेला नाही. तो घडला बार्शीला. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी. शहरात रुग्णालयाची कागदपत्रं तपासली की नोंद होते. खेड्यात तसं नव्हतं, कारण पुष्कळ बायका रुग्णालयापर्यंत येतच नव्हत्या. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणं समजावून सांगत बसले. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं किंवा अंगावरून दुर्गंधी पाणी जाऊ लागलं, तर लाजू नका, या. काही वर्षांत आढळलं, की कुठलीही तपासणी मोहीम नसताना, केवळ या बोलण्यानं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या होत्या.

त्याच पायावर डॉ. भगवान नेने, कस्तुरी जयंत, डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन यांनी १९९९मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक अफाट चाचणी आरंभली. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांत या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पेशींची पॅप तपासणी, काहींत आम्लाचं पाणी लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्या गटात नेहमीची सेवा. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाचे ३४ मृत्यू, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. बळावलेल्या अवस्थेतला आजार ३९ जणींत, दुसरीकडे ८२ जणींत. एका तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्मे. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, हा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो गंभीर आहे. आज जगभरच्या बायकांना मिळणाऱ्या सल्ल्यामागे या खेड्यांतल्या बायकांचं देणं आहे, हे त्यामुळे अधिकच लक्षात ठेवायला हवं.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानं तीच डोळ्यांनी पाहण्याची पद्धत प्रशिक्षित आरोग्यसेविकांच्या हाती दिली. डॉक्टर नाही, प्रयोगशाळा नाही, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

लशीची गोष्ट तर अपघातातून घडली. एचपीव्ही लशीचे तीन डोस लागतात की दोन पुरतात, हे पाहण्यासाठी २००९ साली देशात अनेक ठिकाणी अभ्यास सुरू झाला. त्यात पुणे आणि बार्शी ही केंद्रं होती. २०१०मध्ये सरकारनं अशा सगळ्या चाचण्या थांबवल्या आणि ४,९०० हून अधिक मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०२१मध्ये आकडे छापून आले: विषाणूच्या दोन मुख्य प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसचं संरक्षण ९५.४ टक्के, जवळपास तीन डोसांइतकंच. २०२२च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसलाही मान्यता दिली, त्यामागे हा पुरावा होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ या देशी लशीला परवानगी मिळाली.

औषधांच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारला गेला. शरीराची संरक्षक टी-पेशी गाठीवर तुटून का पडत नाही? तिच्यावर एक ब्रेक असतो आणि कर्करोग तो दाबून धरतो. ही उकल करणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. ब्रेक सोडवणारी औषधं आली, पण किंमत अशी की भारतातल्या बहुतेक रुग्णांनी त्यांची नावंच ऐकावीत. टाटा रुग्णालयातले डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी निवोलुमॅब हे औषध २४० मिलिग्रॅमऐवजी अवघं २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. ब्रेकचा खटका अगदी थोड्या औषधानंही पुरेसा अडतो, हा त्यांचा आधार. डोक्या-मानेच्या बळावलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण. स्वस्त गोळ्या दोन्ही गटांना, त्यातल्या एका गटाला हे थेंबभर औषध जास्तीचं. गोळ्यांवरच्या गटात वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण जिवंत होते, औषध जोडलेल्या गटात ४३.४ टक्के. हा निकाल २०२३चा.

त्याच वर्षी डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चमूनं स्तनाच्या कर्करोगाच्या १,५८३ रुग्णांचा अभ्यास छापला. शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे दाताचे डॉक्टर वापरतात तेच बधिर करणारं इंजेक्शन, टोचायचं. पाच वर्षांनंतरचं जगण्याचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. इतक्या स्वस्त औषधाची जाहिरात करायला कुणी कंपनी पुढे येणार नाही. ती आपणच करायला हवी.

एकच मात्रा, पण जिवंत, असाही उपचार आता आहे. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, त्यांत नवा जनुक घालून शत्रू ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायच्या. आयआयटी मुंबईतले डॉ. राहुल पुरवार आणि टाटा रुग्णालय यांनी घडवलेल्या ‘नेक्सकार-१९’ला ऑक्टोबर २०२३मध्ये परवानगी मिळाली. काही प्रकारच्या रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगात, बाकी उपाय थकल्यावर, तो देतात. ६४ रुग्णांच्या चाचणीत ७३ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. अमेरिकेत तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे तीस-चाळीस लाखांत. तरीही तीस लाख म्हणजे द्राक्षबागाईतदाराच्या कित्येक हंगामांची कमाई, हे विसरता येत नाही.

द्राक्षांचा विषय निघालाच आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये टाटाच्या ‘शंभर रुपयांच्या गोळी’ची बातमी गाजली. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या या गोळीत रेझव्हेराट्रॉल आणि तांबं आहे. पहिलं द्राक्षाच्या सालीत सापडतं आणि दुसरं बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदात, म्हणून निफाडकरांना ही बातमी घरचीच वाटावी. पण आजार उलटण्यापासून संरक्षणाचा पुरावा त्या वेळी उंदरांवरचा होता. माणसांवर झाले ते प्रामुख्यानं उपचारांचे दुष्परिणाम कमी होतात का, हे पाहणारे लहान अभ्यास. द्राक्षं खाऊन कर्करोग टळत नाही, आणि फवारणीचं तांबं पोटात जाणं तर अपायकारकच.

तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी करण्याचा कार्यक्रम सरकारी आरोग्य केंद्रांमधून राबवला जातो. तारखेची चौकशी गावच्या आशाताईंकडे होते. तोंडातला फोड किंवा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तोंड पूर्वीसारखं उघडेना झालं, तर छाटणी उरकण्याची वाट पाहू नका. दिवाळीला बहीण माहेरी येईल. यंदाच्या भाऊबीजेला ओवाळणीबरोबर एवढं करा: परत जाण्याआधी तिला आणि घरातल्या बायकोला, वहिनीला सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जा, आणि घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिच्या लशीचंही त्याच खेपेत विचारून या.