राष्ट्रीय परवाना (मालवाहतूक)

राष्ट्रीय परवाना अर्थात नॅशनल परमिट हा भारतातील मालवाहू वाहनांना आंतरराज्य वाहतुकीसाठी दिला जाणारा परवाना आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ८८ (१२) अन्वये तो वाहनाच्या मूळ राज्यातील परिवहन प्राधिकरण देते. पूर्वी मूळ राज्य धरून किमान चार राज्ये निवडावी लागत व प्रत्येक परराज्याचे शुल्क वेगळे भरावे लागे. मे २०१० पासून एकाच वार्षिक एकत्रित शुल्कात देशभर वाहतूक करता येते.

ही मुभा मात्र सरसकट नाही. नाशिकचा ट्रक कांदा घेऊन चेन्नईस जाऊ शकतो, तेथून परतीचा मालही भरू शकतो. परंतु चेन्नई ते मदुराई अशी परराज्यांतर्गत वाहतूक त्यास निषिद्ध आहे. परतीचा माल न मिळाल्यास स्थानिक फेरी करून डिझेलचा खर्च भागवण्याचा मार्ग त्यामुळे कायद्याने बंद राहतो. वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात ठेवल्यास कलम ४७ नुसार तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.