वस्तीत येणारे समाजकार्याचे विद्यार्थी

पावसाळा लागला, कॉलेजे सुरू झाली की वस्तीत वही घेतलेली नवी मुले-मुली दिसू लागतात. कोणी त्यांना सर्वेवाले म्हणते, कोणी नर्सताई. बहुतेक वेळा ते एमएसडब्ल्यूचे विद्यार्थी असतात. वर्गाबरोबरच आठवड्यातले साधारण दोन दिवस वस्तीत, दवाखान्यात किंवा संस्थेत काम करायचे, याला क्षेत्रकार्य म्हणतात. समाजकार्याचे देशातले पहिले विद्यालयसुद्धा १९३६ साली मुंबईत नागपाड्याच्या कष्टकरी वस्तीतच सुरू झाले.

समजा, एका घरातल्या माणसाने टीबीच्या गोळ्या दोन महिन्यांनी सोडल्या. विद्यार्थिनी येते, "गोळ्या नियमित घ्या" म्हणते आणि जाते. हे आशाताईंनी, डॉक्टरांनी आधीच सांगितलेले असते. भेटीचा अहवाल वाचून तिचे मार्गदर्शक विचारतात, "गोळ्या का सोडल्या, ते कुठे लिहिलंय?" तिच्याकडे उत्तर नसते. ती परत जाते. या वेळी बसते, ऐकते. मग कळते की दादा पहाटे उपाशीपोटी नाक्यावर जातात, गोळीने मळमळते. लघवी नारिंगी झाली म्हणून घरचे घाबरले. खोकला थांबला, तेव्हा बरे झालो असे वाटले.

आता ती त्यांच्यासोबत आरोग्य केंद्रात जाते. तो रंग रिफाम्पिसिन या औषधाचा, त्याने अपाय नाही, हे तिलाही तिथेच समजते. खोकला थांबला तरी जंतू उरतात; साध्या टीबीलाही सहा महिने उपचार लागतात. मध्येच सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. गोळीची वेळ मात्र डॉक्टर ठरवतात, विद्यार्थिनी नाही. निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते) बँक खाते बंद असल्याने अडकले असतील, तर ती बँकेतही सोबत येते. फॉर्म कुठे अडतो, हे पुस्तकात कुठे असते?

डिग्री त्यांना मिळते, शिकवणी आपण देतो. तेव्हा हक्काने काम सांगावे. आधी ओळखपत्र बघावे. आजाराची गोष्ट शेजारी जाता कामा नये, हे स्पष्ट बजावावे. फोटो नको असेल तर नको म्हणावे. आणि परीक्षा जवळ आली की ही मुले निघून जातात, म्हणून आधीच विचारावे: "ताई, तू गेल्यावर आमच्याकडे कोण येणार? त्यांची भेट घालून दे."